तेरा अंश

सावद्याच्या बाहेर, केळीच्या बागा संपतात तिथं
आमचं शीतगृह. मे महिन्याची अकरा तारीख,
बाहेर सेहेचाळीस.
लुबोश ह्रिव्नाक कंपनीच्या गाडीतून उतरला
आणि पहिल्यांदा बोलला तो कॉम्प्रेसरशी,
कान लावून, नाडी बघावी तसा.
मग आमच्याकडं वळून हसला.
पुढचे तीन दात जरा जास्तच पांढरे.
जुम्मा तडवी म्हणाला, मारामारीतला माणूस दिसतो रे भो.
खोटं नव्हतं.

सतरा वर्षं तो बर्फावर हॉकी खेळला, पोटासाठी.
हे त्यानं एकदम नाही सांगितलं.
थोडं व्हॉल्व्ह आवळताना, थोडं
शेवभाजी खाऊन नाकडोळे पुसताना,
मोडक्या इंग्रजीत, आमच्या त्याहून मोडक्या इंग्रजीला.

बाप कागदाच्या गिरणीत. घरामागं जराशी जागा,
हिवाळ्यात रात्रपाळीहून आला की बाप
तिथं बादलीनं पाणी ओतायचा, थरावर थर,
सारवल्यासारखं.
पोरगा उठायचा तो थेट काचेवर.
पंधराव्या वर्षी घर सुटलं.
पहिल्या पगारात आईला कपडे धुण्याचं मशीन.
मग सात गावं, सात रंगांच्या जर्स्या,
रात्र रात्र बस, मांडीवर गार झालेलं जेवण,
आणि काम एकच : समोरच्याला गोल करू न देणं.
‘तू स्वतः किती केले?’ निळकंठ झोपेनं विचारलं.
लुबोशनं हाताची बोटं मोजली,
पायाची मोजायला बूट काढू लागला,
आणि एका बोटावर थांबला. एकोणीस.

देशाची जर्सी एकदाच अंगावर आली.
साठ मिनिटांचा खेळ, त्याच्या वाट्याला चाळीस सेकंद.
आम्ही हळहळलो.
नाही नाही, तो म्हणाला, तिथं कोणीच
एका दमात त्याहून फार टिकत नाही.
धावायचं, धडकायचं, कठड्यावरून उडी मारून बाकावर यायचं.
मला फक्त
परत ऊठ म्हणाले नाहीत.

गुडघा गेला. क्लबानं चार महिने पगार थकवला.
तेव्हा स्टेडियमच्या तळघरात
बर्फ धरणाऱ्या म्हाताऱ्यानं त्याच्या हातात पाना दिला.
हेच यंत्र, हाच अमोनिया, डोळ्यांत हेच पाणी.
‘सतरा वर्षं मी याच्या छतावर नाचलो,
खाली कोण राहतं, कधी विचारलं नव्हतं.’

तेराच अंश का, त्यानं मला विचारलं.
मी मागच्या साली दहावर गेलेली एक फणी दाखवली,
आठवण म्हणून ठेवलेली. साल काळी, आत दगड.
थंडीचा मार, मी म्हणालो.
त्यानं ती उलटसुलट करून पाहिली,
स्वतःच्या गुडघ्याचा एक्सरे पाहावा तशी.

शेवटच्या रात्री तीन नंबरची खोली
चाचणीसाठी शून्याखाली नेली, आणि पाइप गळला.
फरशीवर दोन बोटं बर्फ.
आम्हाला शेठजींचं तोंड दिसू लागलं.
लुबोशनं दात काढून स्टीलच्या पेल्यात ठेवले,
केळीला लावतात तो बांबूचा टेकू उचलला,
ग्रीसच्या डब्याचं झाकण खाली टाकलं.
जुम्मा दोन क्रेटांच्या मध्ये, छातीला गोणपाट बांधून.
गमबूट, सुटलेलं पोट, एक पाय ओढत,
आणि तरी, काय सांगू,
तो चालत नव्हता,
खोली त्याच्याखालून मागं सरकत होती.
झाकण जुम्माच्या खांद्यावरून कधी गेलं, दिसलं नाही.
पत्र्यावर आवाज तेवढा झाला.
‘वीस,’ झोपे म्हणाला.

सकाळी खोली तेरावर.
बर्फ घमेल्यांनी बाहेर टाकला,
एक कुत्रं येऊन चाटायला लागलं, त्याच्या जिभेखालीच पाणी.
दुपारी भुसावळहून त्याची गाडी होती.
निघताना तोंड मिटून हसला,
आम्हाला वाटलं, जिवाला लागलं असेल.

पेला संध्याकाळी सापडला.
फैजपूरच्या कुरिअरवाल्याला डबी दिली.
परदेशात चाललं, आत काय आहे ते लिहा, तो म्हणाला.
मी पेन धरून उभा. मागं रांग.
मग लिहिलं,
यंत्राचा सुटा भाग. वापरलेला.
किमतीच्या रकान्यात त्यानंच
शंभर रुपये टाकले,
आणि मी ते खोडलं नाही.